बाजूचा ठिपका

१९९१ सालच्या ऑगस्टमध्ये, भाईंदरच्या एका कॉलेजात मधल्या सुट्टीत, पंचशीलाने डब्याच्या झाकणाच्या कडेला खडूचा ठिपका दिला आणि झाकण टेबलावरून घरंगळत सोडलं. दुसऱ्या टोकाला संध्याने ते झेललं.

"ठिपका वर येतो तेव्हा बघ," पंचशीला म्हणाली. "चाक पुढे जातंय तो वेग, शिवाय फिरण्याचा वेग. साधी बेरीज केली तर दुप्पट."

"आणि चाक प्रकाशाच्या ऐंशी टक्के वेगाने गेलं तर?"

"तिथे साधी बेरीज चालत नाही ना! सापेक्षतेच्या सूत्राने साडेसत्त्याण्णव टक्केच येतात. प्रकाशाला कोणी ओलांडत नाही. पण खरी गंमत ठिपका बाजूला असतो तेव्हा. दोन्ही वेग काटकोनात..."

"ए बाई, जेवू दे! भेंडी गार होतेय माझी. बाजूचं उद्या."

दोघी फिजिक्स शिकवत. एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, एकाच डब्यात हात घालणाऱ्या. मुंबईतली एक संशोधन संस्था त्या वर्षी एका कॉलेजशिक्षकाला वर्षभर कामाला घेणार होती, निवड व्याख्यानावरून. पंचशीला एम.एस्सी. झाल्यापासून याच संधीची वाट बघत होती. ती फिरत्या चाकावर बोलणार होती, संध्या भिंगांवर.

व्याख्यानांच्या दिवशी संध्याचं नाव आधी आलं. तिने पिशवीतून स्टीलचं झाकण काढलं. कडेला खडूचा ठिपका होता.

पंचशीलाने मांडीवरची चित्रांची गुंडाळी खाली पायाशी ठेवली.

वरच्या ठिपक्याचं संध्याने झकास सांगितलं. मग बाजूच्या ठिपक्याकडे वळली आणि काटकोन दिसताच सरळ पायथागोरस लावून मोकळी झाली.

"मॅडम," वयस्कर परीक्षक म्हणाले, "तुमचा हा ठिपका प्रकाशाच्याही पुढे गेला की!"

संध्याने वळून पंचशीलाकडे पाहिलं. रोज तिच्या डब्याकडे बघायची तसंच, आपलंच असल्यासारखं.

फळ्यावरचं चाक चुकलेलं होतं. पंचशीलाला ते बघवेना. ती उठली, खडू घेतला.

"प्रकाशाचा वेग एक धरला, तर दोन वेगांचे वर्ग मिळवून त्यांचा गुणाकार वजा करायचा. मग वर्गमूळ." तिने उत्तर लिहिलं: त्र्याण्णव टक्के.

"वा! दोघींनी मिळून केलंय का हे?"

"पंचू ना, सर?" संध्या हसली. "चित्रं सुरेख काढते माझी. हे मीच समजावलं होतं तिला. ऐन वेळी मीच विसरले बघा!"

सभागृह हसलं. परीक्षकही हसले.

पुढचं नाव पंचशीलाचं पुकारलं गेलं.

"माझी तयारी नाही," ती म्हणाली.

संध्याने संस्थेत एका वर्षाची तीन वर्षं केली, डॉक्टरेट मिळवली आणि पुढे पुण्यात विभागप्रमुख झाली. ते परीक्षक दोन वर्षांनी वारले. पंचशीला निवृत्तीपर्यंत त्याच कॉलेजात शिकवत राहिली. बेव्हर्ली पार्कातल्या घरून रिक्षाने जायची, रिक्षाने यायची.

नंतर दोघी एकदाच भेटल्या, संध्याच्या मुलीच्या लग्नात. शालू सावरत संध्याने तिला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"पंचू, त्या दिवशी तू उठली नसतीस ना, तर ती जागा मला मिळालीच नसती गं."

पंचशीलाने आहेर तिच्या हातात दिला आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.