दोन्हीकडून बुजवलेली खिडकी

झुरळ माझ्या नातवाच्या ओठावर बसलं होतं. दूध पिऊन झोपलेलं लेकरू, तोंडाच्या कोपऱ्यात दुधाचा ओघळ, अन् त्याच्यावर हे मेलं मिशा हलवत निवांत बसलेलं. सून सारिका अशी किंचाळली की घर दणाणलं. दुसऱ्या दिवशी बॅग भरून ती माहेरी, वैजापूरला निघाली. जाताना पाया पडली अन् म्हणाली, "आई, तुमच्यावर राग नाय. पण या घरात झुरळं असली तर मी लेकराला इथं आणणार नाय."

वाईट बोलली असती तर भांडले असते. चांगलं बोलली, म्हणून गप बसले.

त्यावर माझा लेक भारत काय म्हणावा? "आई, आम्ही वाळूजला खोली बघतो. कंपनीबी जवळ पडंल."

वाळूजला! म्हणजे नातू मोठा होणार परक्याच्या खोलीत, अन् आजी इथं मुकुंदवाडीत रिकामा पाळणा हलवत बसणार. मी म्हणलं, "थोडं थांब बाबा. या घरात झुरळं तरी राहतील, नायतर ही द्वारका तरी राहील."

तसं सारिका गेल्यापासून मी काय कमी केलं होतं? खडूच्या रेघा ओढल्या. कणकेत बोरिक पावडर कालवून गोळ्या ठेवल्या. फवाऱ्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या, एवढ्या की आमचे मालक खोकून खोकून बाहेर ओट्यावर जेवायला बसायला लागले. वरून मलाच म्हणायचे, "अगं, झुरळं कुणाच्या घरात नसतात?"

"असतात. नातवाच्या ओठावर बसत नायत," मी म्हणलं.

शेवटी भारतनंच उस्मानपुऱ्याच्या सगीराला बोलावलं. पेस्ट कंट्रोलवाली बाई येणार म्हणल्यावर मला वाटलं पाठीला पंप, तोंडाला मास्क, घरभर धूर. ही आली स्कूटीवर, हातात एक टॉर्च अन् खांद्याला पिशवी. दारातच थांबली, नाक वर करून वास घेतला अन् कपाळाला हात लावला.

"मावशी, फवारा मारला ना?"

"मारला की! कालच अख्खी बाटली मारली. तुझं काम हलकं केलं."

"अय्यो, कायकू मारलं मावशी? फवाऱ्यानं चार मरतात अन् बाकीचे भिंतीत आत आत घुसतात. वर त्या वासात माझं औषध कुणी खात नाय. आता सगळं साबणानं पुसा, मी पुढच्या आठवड्यात येते."

अन् गेली की! मला असा राग आला म्हणता. पण नातवाचं तोंड आठवलं अन् बादली घेऊन बसले.

परत आली तेव्हा तिनं पालथी पडून ओट्याखाली टॉर्च मारली, फ्रिज ओढून त्याच्या मोटारीमागं बघितलं, कपाटाच्या बिजागऱ्या बघितल्या, मिक्सर उलटा केला. मग एका सिरिंजमधून औषधाचे मोहरीएवढे ठिपके ठेवत गेली. बिजागरीत एक, फटीत एक, पाइपामागं एक.

"एवढंसंच?" मी म्हणलं. "वाढायला लई कंजूस दिसतीस गं."

"ही दावत, नुसतं आवतण आहे मावशी, जेवण नाय. एक खाणार, फटीत जाऊन मरणार. बाकीचे त्याची घाण खाणार, तेबी मरणार."

"मेल्यांची जातच तसली!"

मग तिनं आमचे पाण्याचे ड्रम बघितले. आमच्याकडं नळाला पाणी येतंय ते पाहुण्यासारखं, आलं तर आलं. म्हणून घरभर ड्रम, कळशा, हंडे. सगीरा म्हणाली, "झुरळ अन्नावाचून महिना काढतंय, पण पाण्यावाचून त्याचं नाय चालत. सगळ्यांवर घट्ट झाकण ठेवा. झोपताना मोरी कोरडी करा, ओलं फडकं बाहेर वाळत टाका. अन् ठिपक्यांना हात नाय लावायचा, फिनेल तर बिलकुल नाय."

मी सगळं केलं. सकाळी उठले की सुपलीभर मेलेली झुरळं. देवाची पूजा नंतर, आधी ते झाडून काढायचं. एवढं समाधान मला दिवाळीच्या झाडलोटीतबी मिळालं नव्हतं. सारिकाला फोन करून सांगितलं, "येतेस का आता?" ती म्हणाली, "पूर्ण गेली का, आई?"

पूर्ण गेली नव्हती. पंधरवड्यानं बारकी बारकी पिल्लं हिंडायला लागली. सगीराला हे ठाऊक होतं. अंड्यांना औषध लागत नाय, म्हणून ती दुसऱ्यांदा येणारच होती. येऊन तिनं जागोजागी चिकट पुठ्ठे ठेवले. दोन दिवसांनी बघितलं तर बाकीचे पुठ्ठे जवळपास कोरे, अन् देवाच्या कॅलेंडराखालचा झुरळांनी काळाकुट्ट. तिनं कॅलेंडर काढलं.

मागं ती खिडकी होती.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत आली. सासूबाईनं हट्टानं तिच्यात परातीएवढी खिडकी ठेवायला लावली, कालवणाची वाटी इकडून तिकडं जावी म्हणून. वाटी गेलीबी बरीच वर्षं. मग माझ्या जावेनं, भागूबाईनं, सामाईक नळाला मोटार लावली. पाणी आलं की सगळं तिच्या हौदात अन् माझ्या हंड्यात नुसती हवा. लई भांडलो. त्याच दिवशी मी खिडकीत बारदाना अन् रद्दी कोंबली. तिनंबी तिकडून कोंबली. तेव्हा भारत दहावीला होता. त्यानंतर बोलणं नाय.

सगीरानं टॉर्च लावून बारदान्याचं टोक जरासं उचललं अन् लगेच सोडलं. "इथं गाव वसलंय, मावशी. गरम, अंधार, कागद. बारा महिने आराम."

"मग ओढून काढ."

"एका बाजूनं ओढलं तर सगळे पलीकडं पळणार, अन् दोन दिवसांनी पाइपातून परत येणार. दोन्हीकडून एकाच वेळी काढायला लागंल. पलीकडं कोण राहतं?"

"कुणी नाय."

पलीकडून भांड्यांचा खणखणाट झाला. सगीरानं माझ्याकडं बघितलं. "मग भांडी काय झुरळं घासतात?"

मी कॅलेंडर उगाच पुसत राहिले. ती पिशवी आवरायला लागली. म्हणाली, "अर्ध्या भिंतीचं काम मी नाय करत. माझं नाव खराब होतं. विचारून ठेवा, मग बोलवा."

मालक हळूच म्हणाले, "मी बोलू का काकासाहेबाशी?" काकासाहेब म्हणजे त्यांचा भाऊ, भागूचा नवरा.

"बोलाल की! स्टेशनवर दोघं चोरून चहा पिता ते मला माहीत नाय व्हय?" मी म्हणलं. "पण तुम्ही बोलून काय उपयोग? बारदाना बायकांनी कोंबलाय."

पदर खोचला अन् गेले. शेजारचं दार, पण वाटलं चौक्याचा घाटच चढतेय. भागू पायरीवर लसूण सोलत होती. माझ्याकडं बघून तिचा हात थांबला.

"खिडकी उघडायचीय," मी म्हणलं.

"का? आता काय कोंबायचंय?"

"झुरळं मारायचीत."

"आमच्याकडं तुमच्याकडूनच येतात, बाई."

जीभ अशी सळसळली! दहा उत्तरं तयार होती. पण मी तिच्या खालच्या पायरीवर बसले. धाकट्या जावेच्या पायाशी, भर गल्लीत. म्हणलं, "असतील आमची. तू हो म्हणेस्तोवर मी उठणार नाय. लेकराच्या ओठावर बसलं होतं, भागू. सून घेऊन गेली. आता लेकबी चाललाय."

तिनं सुरी खाली ठेवली. मग पाकळ्या गोळा करत म्हणाली, "ओठावर? मला वाटलं लेकरू आजारी हाय. रोज रडायचं ते भिंतीतून ऐकू यायचं, एकदम बंद झालं. कुणाला विचारू तेबी कळंना."

हिनं माझा नातू कधी बघितलाबी नव्हता. नुसतं ऐकत होती. मला तिथंच रडू फुटलं, आवरलंच नाय.

"उठा आता," ती म्हणाली. "लोक बघत्यात. त्या बाईला बोलवा."

सगीरा आली, सोबत तिचा भाऊ मुबारक. तो भागूकडं, ही माझ्याकडं. दोघांनी खिडकीभोवती मोठ्या पिशव्या चिकटवल्या, हवेनं कचरा ओढणारं मशीन लावलं अन् हाक मारून एकदम ओढलं. बारदाना, रद्दी, अन् त्यातून जे सांडलं ते सांगत नाय, तुम्हाला जेवायचं असंल. मशीन गरगर ओढत होतं. मी हातात झाडू घेऊन उभी. एक सुटलं होतं, ते मी हाणलं.

सगळं झाल्यावर भोक पुसून सगीरानं कडेनं औषध लावलं. म्हणाली, "आता एक तर सिमेंटनं पक्की बुजवा, नायतर सताड उघडी ठेवा. उजेडात ते घर नाय करत. मधलं चालत नाय."

मालकांनी लगेच सिमेंटची गोणी आणून अंगणात टाकली. खिडकीतून भागू दिसत होती. केस किती पांढरे झाले होते तिचे! ती गोणीकडं बघत होती. मी मालकांना म्हणलं, "राहू द्या. माझं मी बघते."

दिवाळी सरली, पुठ्ठे कोरे राहिले. सारिका आली. आल्या आल्या तिनं स्वतः टॉर्च घेऊन कानाकोपरा बघितला. मी कणीक तिंबत तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं टॉर्च बंद केली अन् लेकराला पाळण्यात टाकलं. भारत वाळूजचं काय बोलला नाय, मीबी विचारलं नाय.

तेवढ्यात लेकरू रडायला लागलं. खिडकीतून दोन हात आत आले, हिरव्या बांगड्यांचे.

"द्या इकडं, बाई. तुमच्या हाताला पीठ हाय."

सारिका माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणलं, "दे. तुझी चुलत सासू हाय ती." तिनं लेकराला उचललं, डोकं सांभाळत खिडकीतून पलीकडं दिलं. रडणं थांबलं.

अंगणातली गोणी दव पिऊन दगड झालीय. मालक तिच्यावर बसून बूट घालतात.

नळाला पाणी आलं तसा पलीकडं आवाज सुरू झाला. मी खिडकीतून ओरडले, "भागू, मोटार लावलीस का गं?"

"लावली. लावणारच!"

"मग नळी इकडून घाल. आधी माझे ड्रम भर."