चौदा नंबर चीत

साहेबांनी ज्युडोचा क्लास लावला आणि सात आठवड्यांत त्याचे वळ आमच्या अंगावर उठायला लागले.

आमचं काम सरळ होतं. लहान बाळांच्या लसींचे चाळीस हजार डोस जुन्या इमारतीतल्या कोल्ड रूममधून नव्या इमारतीतल्या कोल्ड रूममध्ये हलवायचे. तापमान दोन ते आठ अंश. त्याच्या वर बराच वेळ गेलं की माल कचऱ्यात. नवी कोल्ड रूम माल ठेवण्याजोगी आहे, या कागदावर शेवटची सही माझी, कारण नियोजन माझ्याकडे. बाकी सगळ्यांच्या सह्या ‘पाहिले’ एवढ्यापुरत्या. डोस नासले तर नाव निघणार ते माझं.

पूर्वी सोमवारच्या बैठकीत आम्ही जोखमींची यादी वाचायचो. काय बिघडू शकतं, कोण बघणार, कधीपर्यंत. साहेबांनी शेवटचे दोन रकाने काढून टाकले आणि एकच ठेवला: प्रतिडाव. जोखीम म्हणजे प्रतिस्पर्धी. त्याच्यापुढे डाव लिहिला की साहेब लाल पेनाने आडवी रेघ मारायचे आणि म्हणायचे, “चीत.” चीत कुस्तीत करतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पहिल्याच सोमवारी चहा येईपर्यंत बावीसपैकी तेरा जोखमी आडव्या झाल्या होत्या.

“चौदा नंबर,” मी वाचलं. “नव्या इमारतीतली लाईट गेली तर.”

“जनरेटर,” वायरमन म्हणाला.

“चीत.”

“साहेब, जनरेटर आपोआप चालू होतो की नाही, हे कुणी पाहिलेलं नाही. खोली रिकामी आहे तोवर एकदा मेन स्विच पाडून बघू. दहा मिनिटांचं काम आहे.”

“म्हणजे आपणच मुद्दाम लाईट घालवायची?”

“हो.”

साहेबांनी डोळे मिटून पोटातून श्वास घेतला. “मॅडम, पडण्याचा विचार करणारा तिथेच अर्धा पडलेला असतो. तोल बघा. सगळं तोलावर आहे.”

त्या बैठकीत ते ‘तोल’ हा शब्द एकोणीस वेळा बोलले. मी डायरीच्या कडेला रेघा मारून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या सोमवारी मी पुन्हा विचारलं. तिसऱ्या सोमवारी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, “चीत झालेल्याला पुन्हा उठवून मारायचं नसतं. काही खिलाडूपणा आहे की नाही?” सगळे हसले. वायरमन जरा जास्तच.

या सगळ्याचं मूळ आमच्याच घरात होतं, म्हणून दाद तरी कुणाकडे मागणार? माझ्या थोरल्या जाऊबाई ज्युडो शिकवतात. साठीला आल्या आहेत, गुडघे कुरकुरतात, पण दाराएवढा माणूस खांद्यावरून टाकतात. साहेब त्यांच्याच क्लासला जातात.

“ताई, तुमचा विद्यार्थी माझा जीव घेणार आहे,” मी भाजी निवडता निवडता म्हटलं.

“तो वहीवाला?”

“वहीवाला?”

“अगं, पहिले तीन महिने मी नुसतं पडायला शिकवते. हनुवटी छातीला, हात चटईवर आपटायचा, पाठ गोल. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाला, बाई, पडायचं मी घरी करतो, तुम्ही फेकायचं सांगा. म्हटलं, घरी कर. तेव्हापासून कोपऱ्यात बसतो आणि मी बोलते ते वहीत उतरवून घेतो. अर्धंच.”

“तोल.”

“हां. तोल सगळ्यांचाच जातो, माझाही जातो, म्हणून आधी चटईवर पडून घ्या, असं म्हणते मी. त्याने पहिला शब्द उचलला आणि निघाला.”

“मग सांगा ना त्याला तुम्ही.”

“मी कशाला सांगू? माझ्याकडे तो फी भरून येतो. तू त्याच्याकडे पगाराला जातेस. तुझा साहेब तू सांभाळ. आणि ती देठं टाकू नकोस.”

हलवाहलवीच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब स्वतः कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. “सही.”

“स्विच पाडून बघते आणि करते.”

“मॅडम, यादी बघा. चौदा चीत आहे.”

“यादीत आहे. जनरेटरला कुणी कळवलंय का?”

“दुसऱ्या कुणाची घेऊ का सही?”

“घ्या,” मी म्हटलं आणि चपला पायात सरकवून नव्या इमारतीकडे चालू लागले. सही दुसऱ्या कुणाची चालत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. ते मागे, त्यांच्या मागे वायरमन.

कोल्ड रूम रिकामी होती. तापमानाचा काटा चारवर. पंख्यांची घरघर चालू. मी मेन स्विच खाली ओढला.

घरघर थांबली. जनरेटरने दहा-बारा सेकंदांत उचलायला हवं. मी मोठ्याने मोजायला लागले. वीस. चाळीस. साठला साहेबांनी घसा साफ केला. नव्वदला मी वायरमनकडे वळले.

“दादा?”

“बॅटरी नाहीये त्याला,” तो म्हणाला.

“कुठे गेली?”

“फोर्कलिफ्टची बसली होती. ही काढून तिला लावली.”

“जनरेटरची?”

“चौदा नंबर चीत झाला ना, मॅडम, तीन आठवड्यांपूर्वी. म्हटलं, आता जनरेटरचं काय काम?”

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्यावर चिडायलाही काही जागा नव्हती. साहेबांनी रेघ मारली, त्याने ती खरी मानली. माझ्या तीन सोमवारांचा राग हातात तसाच राहिला, कुठे ठेवावा कळेना.

साहेब बंद जनरेटरभोवती एक फेरी मारून आले. “बघा,” ते म्हणाले, “प्रतिस्पर्ध्याचाच जोर त्याच्यावर उलटवणं म्हणतात ते हेच.”

बॅटरी परत लावायला दोन तास गेले. मग मी तीनदा स्विच पाडला. तिन्ही वेळा अकराव्या सेकंदाला जनरेटरने उचललं. चौथ्यांदा पाडायचं मनात होतं, पण साहेब घड्याळ बघत होते. मी सही केली. दुसऱ्या दिवशी चाळीस हजार डोस आले, काटा पाचच्या वर गेला नाही.

सोमवारी यादीत नवा रकाना होता: ‘पडून पाहणे’. खाली बारीक अक्षरात ‘संकल्पना’ आणि साहेबांचं नाव. मुख्य कार्यालयाला तो इतका आवडला की सगळ्या शाखांना पाठवला म्हणे. वायरमनने टाळ्या वाजवल्या.

आणि एक नवी जोखीम होती. तेवीस नंबर: नियोजन विभागाकडून ऐनवेळी विलंब. प्रतिडाव: सही करणारी व्यक्ती बदलणे.

साहेबांनी लाल पेन उघडलं.

“साहेब, रेघ मारायच्या आधी पडून पाहू या ना,” मी म्हटलं. “पुढच्या महिन्यात दुसरी खेप येतेय. कागद हा इथे आहे. कोण करतंय सही?”

मी कागद टेबलावर सरकवला. स्टोअरकीपरने तो न वाचताच शेजारी ढकलला. शेजारच्याने वायरमनकडे. वायरमनने छताकडे पाहत, बोटाच्या टोकाने, साहेबांकडे.

साहेबांनी कागद बराच वेळ वाचला. मग पेनाचं टोपण लावलं आणि पोटातून श्वास घेतला.

“पुढचा मुद्दा,” ते म्हणाले. “तोल.”

तेवीस नंबरवर अजून रेघ नाही. दर सोमवारी तो मीच वाचून दाखवते, आणि डायरीच्या कडेला रेघा मारत राहते.