पुसलेली रेघ

मी एक जुनी सिरिंज आहे, मित्रांनो. पळू नका! सुई कधीच काढून टाकलीय.

कारखान्यात माझ्या अंगावर काळ्या रेघा छापल्या, तेव्हा काय गुदगुल्या झाल्या! दोन एमएलपर्यंतच्या रेघा. माझ्या बरोबरीच्या सगळ्या दवाखान्यात गेल्या. मी आले नर्सिंगच्या शाळेत, सरावाच्या खोलीत. इथे बाटल्यांवर औषधांच्या चिठ्ठ्या, आत नळाचं पाणी. आयुष्यभर पाणीच प्यायले. औषध कसं लागतं, कडू की गुळचट, हे मला अजून कळलेलं नाही. कोणी सांगेल का?

मुली यायच्या, दट्ट्या ओढायच्या, खिदळायच्या. मॅडम टेबलावर पट्टी आपटायच्या, "हवं किती? आहे किती? कितीत आहे? तीन प्रश्न विचारल्याशिवाय दट्ट्याला हात लावायचा नाही!"

मग मावशी आली. वीस वर्षं वॉर्डात लादी पुसलेली, सिस्टरच्या शेजारी ट्रे धरून उभी राहिलेली. आता चाळिशीत शिकायला बसली. मुली तिला मावशीच म्हणायच्या. तिला ते आवडायचं नाही, मला कळायचं. ती हाक आली की तिचा अंगठा माझ्यावर घट्ट व्हायचा.

हिशेबाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. का? ऐका. मॅडम म्हणाल्या, "पाच मिलिग्रॅम द्या." मावशीने बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. सर्रकन एक एमएल भरलं.

"मावशी, पेशंट गेला!" मागून एक मुलगी ओरडली. सगळ्या हसल्या.

"वॉर्डात सिस्टर एकच्याच रेघेवर थांबायच्या," मावशी म्हणाली. "वीस वर्षं बघितलंय मी."

"तिथली बाटली दहा मिलिग्रॅम, दोन एमएलची होती," मॅडम म्हणाल्या. "ही दहा मिलिग्रॅम, पण एकाच एमएलमध्ये. दुप्पट दिलंत. डोळ्याला सवय आहे, बाटलीला नाही!"

मला राग आला. मावशीचा नाही, हसणाऱ्यांचा. स्वतः तरी काय दिवे लावत होत्या? त्यांच्याच बोटांनी माझी अर्ध्याची रेघ घासून घासून पुसली होती. तिथे आल्या की अंदाजे थांबायच्या नि पुढे जायच्या. मॅडमना हे दिसत कसं नाही, याचं मला भारी कोडं होतं.

तिसरी परीक्षा शेवटची. "या वेळी गेले की परत लादी," मावशी कोणाला तरी फोनवर म्हणाली. "नाही गं, रडत नाहीये. सर्दी झालीय."

परीक्षेला मॅडमनी मलाच टेबलावर ठेवलं. शेजारी तीच बाटली, तीच चिठ्ठी. "पाच मिलिग्रॅम."

मावशीने मला उचललं. दट्ट्या मागे सरकला, अर्धा, पाऊण, थेट एकवर. मी मनात म्हटलं, संपलं!

अंगठा थांबला. तिने पाणी परत बाटलीत सोडलं, मला खाली ठेवलं, चिठ्ठीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "हवं पाच. आहे दहा. एका एमएलमध्ये." कागदावर मांडलं. पाच भागिले दहा. शून्य पूर्णांक पाच दशांश. म्हणजे अर्धा एमएल.

तिने मला पुन्हा उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, गोल फिरवलं. इतकं निरखून मला कधी कोणी बघितलं नव्हतं. वाटलं, आता कौतुक होणार.

"मॅडम, ही नको," ती म्हणाली. "हिची अर्ध्याची रेघ दिसत नाही. दुसरी द्या."

मला असं झोंबलं म्हणून सांगू! इतकी वर्षं राबले, आणि 'ही नको'?

मॅडमनी ड्रॉवरमधून कोरी सिरिंज काढली, जणू तयारच ठेवली होती. मावशीने बरोबर अर्ध्यावर पाणी भरलं. मॅडमनी डोळ्यांसमोर धरून तपासलं.

"महिनाभर ही ठेवतेय टेबलावर," त्या म्हणाल्या. "रेघ पुसलीय असं एकीनेही सांगितलं नाही. बसा, सिस्टर."

मावशी बसली नाही. आधी पदराने नाक पुसलं. सर्दी होती ना!

आता मी खिडकीत असते. मुली माझ्यात पाणी भरून कुंडीतल्या रोपाला देतात. कितीही भरा, रोप कुरकुर करत नाही. माझा राग? गेला केव्हाच. उलट वाटतं, मला नाही म्हणणारी तीच एक शहाणी निघाली.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया जरूर करा, पण मोजायच्या वेळी तिची रेघ उजेडात धरून बघा. दिसत नसेल तर खुशाल म्हणा, ही नको. आम्हाला झोंबेल थोडं. झोंबू द्या.