हात खाली

एर्मेसनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं, काढलं आणि पुन्हा लावायला घेतलं. बोटांना घाम होता, बटण निसटत होतं. शेवटी त्याची बहीण इव्हाना पुढं झाली, त्याचे हात बाजूला सारून तिनं ते लावून टाकलं.

“एवढा बाप्या झालास. मैदानंच्या मैदानं भरवतोस, आणि या चार खुर्च्यांना भितोस?”

“मैदानात हातात माइक असतो, इव्हाना.”

गेली वीस वर्षं एर्मेस गिरार्दीनं ऑपेराचा चढा सूर आणि ड्रम-गिटारची गाणी एकत्र गुंफली होती. आधी कानाशी बोलल्यासारखं गायचं, मग एकदम झेप घ्यायची. न्हाव्याच्या दुकानापासून लग्नाच्या मांडवापर्यंत त्याचीच गाणी वाजत. पण ते कानाशी बोलणं आणि ती झेप, दोन्ही माइक सांभाळून घ्यायचा. आज गावच्या जुन्या थिएटरात तो पहिल्यांदाच अख्खा ऑपेरा गाणार होता, खलाशाच्या भूमिकेत. माइक नाही, स्वतःचा आवाज कानात आणून देणारी तारही नाही. समोर वादकांचा ताफा, आणि त्यांच्या पलीकडे, पार छताला टेकलेली गॅलरी.

भीती त्या गॅलरीची होती. तिथं हॅमला, म्हणजे डुकराच्या मांडीला, मीठ चोळणारे, चीज ठोकून पारखणारे, पेन्शनीत निघालेले मास्तर बसत. ऑपेरे त्यांना तोंडपाठ. गेल्या हिवाळ्यात रोमच्या एका नावाजलेल्या गायकाचा सूर जरासा उतरला, तर वरून कुणीतरी ओरडलं होतं, “रोमची शेवटची गाडी अजून सुटली नाही हो!” तो माणूस पुन्हा या गावात आला नाही.

आणि दुसरी भीती त्याच्या उजव्या हाताची. गाताना तो आपोआप तोंडाकडं जायचा, मूठ वळलेली, नसलेला माइक धरल्यासारखी. तालमीत ऑर्केस्ट्राचा संचालक वैतागला होता. “गिरार्दी, खलाशी बोटीवर चाललाय की आइस्क्रीम खायला?” सगळे हसले. एर्मेसही हसला, पण हात काही ऐकेना.

“बाबा आलेत,” इव्हाना म्हणाली. “वर बसलेत, बरोबर मीठ चोळलेल्या सोबत्यांच्यात.”

एर्मेस आरशासमोरून वळला. वडील, आर्मिदो, त्याच्या एकाही कार्यक्रमाला आले नव्हते. ज्या आवाजाला तार लागते तो आवाज नव्हे, एवढं एकदाच म्हणाले होते, आणि मग वीस वर्षं तो विषय काढला नव्हता.

“त्यांना ऐकू तरी येतं का आता?”

“कुठलं रे. शेजारी पत्र्याचा डबा पडला तरी मान वळत नाही. डॉक्टरनं यंत्र दिलं होतं, तर म्हणे कानात तार घालून घेणार नाही. तू जसा हट्टी, तसेच ते.”

बाहेर घंटा झाली. इव्हानानं त्याच्या पाठीवर थाप मारली. थिएटरात प्रयोगाआधी कुणी कुणाला शुभेच्छा देत नाही, उलटंच बोलतात.

“जा, लांडग्याच्या तोंडात जा!”

यावर “मरो लांडगा” म्हणायचं असतं. न म्हणणं अशुभ. एर्मेसनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तो तसाच निघाला. इव्हानाचा चेहरा उतरलेला त्याला दिसला.

पहिले दोन अंक कसे गेले, त्याला कळलं नाही. टाळ्या पडल्या, त्याही जेमतेम, पाहुण्याला पाणी विचारावं तशा. मग खलाशाचं निरोपाचं गाणं आलं. बंदर, धुकं, आणि तो एकटा.

सुरुवात हळू होती. त्यानं गायला घेतलं. स्वतःचा आवाज त्याला ऐकूच येईना. सूर तोंडातून निघत होता आणि अंधारात कुठंतरी विरून जात होता. आपण गातोय की नुसते ओठ हलवतोय? त्यानं वर पाहिलं. गॅलरीत कुणी खोकतसुद्धा नव्हतं. शिट्ट्या मारून गायकाला हाकलण्याआधी ते असेच गप्प होत.

पहिलं कडवं संपलं. वादक थांबले. आणि त्या शांततेत त्याच्या ध्यानात आलं, की आपली उजवी मूठ हनुवटीपाशी आहे. खाली घ्यायला जावं, तर ती उतरत नव्हती.

वर कुणीतरी फिसकन हसलं.

“हात खाली घे रे पोरा!” वरून घोगरा आवाज आला, बहिरी माणसं बोलतात तसा, गरजेपेक्षा मोठा. “ऐकू येतंय!”

आवाज बाबांचा होता. आता गॅलरी पेटणार. आर्मिदोचे कान गेलेत हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं? त्यांच्या दोन्ही बाजूंना चाळीस वर्षांचे सोबती बसले होते. बेसूर काही म्हणून खपवून न घेणारी माणसं ती.

कुणी काही बोललं नाही. एक बाक करकरलं, बस.

हात खाली आला. वादकांनी दुसरं कडवं उचललं.

कार्यक्रमानंतर मागच्या दाराशी वडील उभे होते, टोपी हातात, अंगाला नेहमीचा मिठाचा वास. इव्हाना शेजारी डोळे पुसत होती. एर्मेस जवळ गेला. गॅलरीनं शेवटी टाळ्या वाजवल्या होत्या, पुष्कळ वाजवल्या होत्या. पण त्या गाण्याला की म्हाताऱ्याला, हे त्याला कळत नव्हतं, आणि विचारायचीही भीती वाटत होती.

तरी त्यानं विचारलं, हळूच.

“बाबा, वर खरंच पोचत होता आवाज?”

आर्मिदोनं त्याच्या ओठांकडं निरखून पाहिलं आणि मान हलवली.

“छे, थंडी कसली! गर्दीत ऊब असते.”

एर्मेसचा उजवा हात पुन्हा वर जाऊ लागला होता. म्हाताऱ्यानं तो मधेच धरला, आपल्या कोटाच्या खिशात घातला आणि चालू लागला.

“मरो लांडगा,” एर्मेस म्हणाला.

मागून येणाऱ्या इव्हानाला ते ऐकू गेलं.