उभ्याने मोजलेला रक्तदाब

मित्रांनो, तुमच्याशी बोलणारा हा जुना रक्तदाबमापक दिसायला अगदी निरुपद्रवी आहे. तरीही माझ्या साक्षीवरून पुष्कळ माणसांनी मार खाल्ला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्याविषयी हळहळ वाटू लागली तर ती आवरता येईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची राखाडी पेटी, तिच्या झाकणात उभी काचेची नळी, नळीत पारा, एक रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा देह. माझे काम आवळण्याचे. माणसाचा दंड मी इतका आवळतो की आतले रक्त थांबते. मग हळूहळू सैल सोडतो आणि रक्त कोणत्या जोराने परतले ते पाऱ्याच्या उंचीवरून सांगतो. दुखवून खरे काढणे हा माझा धर्म. माझ्या घडवणाऱ्यांनी माझी तीनदा पारख केली आणि मी एका रेघेचीही चूक करत नाही असे प्रमाणपत्र दिले. त्या प्रमाणपत्राचा मला फार अभिमान होता. विद्वानांना असतो तसाच.

मला विकत घेतले चादरी धुण्याच्या एका मोठ्या कारखान्याने. इस्पितळांच्या, वसतिगृहांच्या चादरी तिथे येत. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर मी अकरा वर्षे बसलो. डॉक्टर व्यवस्थित गृहस्थ होते. माझी पेटी ते रोज स्वतः पुसत. चक्कर येऊन कोसळलेला कामगार आणला की त्याला आधी बाहेरच्या बाकावर बसवत, पाळी आली की टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसवत आणि मला त्याच्या दंडाला बांधत. माझा पारा एकशेवीसवर थांबे. डॉक्टर म्हणत, "ठणठणीत आहेस की." मग ते नोंदवहीत एक शब्द लिहीत: ढोंग.

आता तुम्हांला थोडे शरीरशास्त्र सांगितले पाहिजे. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे धावते. आपल्याला न विचारता काम करणारी नसांची एक व्यवस्था शरीरात असते. तिला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. ती ताबडतोब रक्तवाहिन्या आवळते आणि रक्त वर ढकलते. काही माणसांत ही व्यवस्था कायमची बिघडलेली असते. ती उभी राहिली की डोक्यातले रक्त उतरते, डोळ्यांपुढे अंधार येतो आणि ती कोसळतात. बसली किंवा आडवी झाली की रक्त परत येते आणि ती तुमच्याआमच्यासारखी दिसू लागतात. बाकावर अर्धा तास बसलेल्या माणसाचा रक्तदाब मी अचूक सांगत होतो. उभ्या माणसाचा मला कोणी विचारला नाही आणि विचारल्याशिवाय बोलण्याची मला सवय नव्हती. अचूक असणे आणि खरे असणे यांतला फरक मला त्या टेबलावर कधी कळला नाही.

तो कळला इस्त्रीवालीच्या दंडावर. ही बाई तापलेल्या रुळांच्या यंत्रात ओल्या चादरी सरकवण्याचे काम करी, आठ तास, उभ्याने. ती कोसळे. मुकादमाचा त्यावर ठरलेला उपचार होता: तोंडावर बादलीभर पाणी, मग अंबाडा धरून उभी करणे, मग भिंतीकडे तोंड करून तासभर तशीच उभी ठेवणे. एकदा ती भिंतीऐवजी यंत्रावर कोसळली आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत रुळाला चिकटला. तो सोडवताना कातडी रुळावरच राहिली.

तिला दवाखान्यात आणले तेव्हा मला उजव्या दंडावर बांधण्यात आले. त्या दंडावर बोटांचे पाच निळे वळ होते. मी नेमका त्यांच्यावर आवळलो. एकशेबावीस. डॉक्टरांनी आपला शब्द लिहिला. तिचा थोरला भाऊ त्याच कारखान्यात बाष्पकावर, म्हणजे बॉयलरवर, कामाला होता. तो तिला न्यायला आला आणि त्याने वहीतला शब्द वाचला.

"डॉक्टर, खरंच काही नाही हिला?"

"यंत्र खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणाले.

भावाने तिला तिथेच, दाराच्या चौकटीत, दोनदा मारले. दुसऱ्या वेळी तिचे डोके कडीवर आपटले. डॉक्टर माझा पट्टा गुंडाळत होते. ते काम त्यांनी नीट, सुरकुती न पडू देता पुरे केले.

हे सारे दवाखान्यातल्या सिस्टरने पाहिले. सिस्टर दिवसातून चारदा औषधांची खोकी लावायला कोठीत जात आणि तिथे फरशीवर आडव्या पडून राहत, ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. त्यांनाही हाच आजार होता. पुढच्या महिन्यात आकडे झळकवणारे नवे यंत्र आले आणि डॉक्टर म्हणाले, "हे जुनं टाकून द्या." सिस्टरने मला पिशवीत टाकले आणि घरी नेले.

घरी म्हणजे शिंपीणमावशीच्या दुकानामागच्या खोलीत. तिथे दर आठवड्याला सातआठ माणसे जमत. सर्वांना हाच आजार, कमीजास्त. खोलीत खुर्ची एकही नव्हती, नुसत्या गाद्या. दारात कोणी आले की मावशी "या, बसा" म्हणत नसे. "या, पडा" म्हणे. सगळे भिंतीला पाय लावून उताणे पडत आणि छताकडे बघत गप्पा मारत. कोणी घट्ट मोजे कुठे मिळतात ते सांगे, कोणी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा कशा लावाव्यात ते सांगे, आणि मिठाचे पाणी गटागटा पिऊन सगळेच तोंड वाकडे करत.

"परवा बँकेत रांगेत खालीच बसलो," ड्रायव्हरकाका म्हणाले. बावीस वर्षे बस चालवून, एका थांब्यावर उतरताना कोसळल्यामुळे ते घरी बसले होते. "तर एकानं पुढ्यात नाणं टाकलं."

"घेतलंत ना?"

"तर. उठायला पाच मिनिटं लागणार होती, तेवढ्यात आणखी दोघांनी टाकली."

इतकी माणसे आडव्याने हसताना मी प्रथमच पाहिली. हसता हसता ती एकमेकांचे दंड माझ्या पट्ट्यात देत. आधी आडवे असताना, मग उभे राहिल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला. सिस्टर वहीत लिहीत. माझा पारा एकशेअठरावरून शंभर, नव्वद, ऐंशी असा खाली उतरताना मी पाहिला आणि अकरा वर्षांच्या माझ्या अचूकतेची मला शिसारी आली.

सिस्टर इस्त्रीवालीलाही तिथे घेऊन आल्या. तिने बसून काम करण्यासाठी खुर्ची मागणारा अर्ज दिला होता. कारखान्याने उलट तिचीच चौकशी लावली: आजार सिद्ध कर, नाहीतर कामावरून कमी करू. काम गेले की ती दिवसरात्र भावाच्या हाती सापडणार होती, आणि भाऊ काय करतो ते तिच्या दंडावर लिहिलेले होते. कारखान्याच्या साहेबांनी निरोप दिला होता की तुमची वही कोणीही लिहू शकतो, आमच्यासमोर मोजा.

"म्हणजे आपणच तिला पाडायचं?" ड्रायव्हरकाकांनी विचारले.

"रोज पडतेच आहे ती," मावशी म्हणाली. "एकदा साहेबाच्या डोळ्यांदेखत पडू दे."

"मला मान्य नाही."

"काका, मी पडते," इस्त्रीवाली म्हणाली. "फक्त डोकं आपटायच्या आत तुम्ही धरा."

पारा ऐंशीच्या खाली गेला की तिला तत्काळ आडवे करायचे, असे ठरले.

चौकशी दुपारी, साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, डॉक्टर, मुकादम एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आमचे आडवे मंडळ, त्या दिवसापुरते उभे. सिस्टरने मुद्दाम मलाच आणले होते. डॉक्टर माझ्यापुढे वाकले आणि मोठ्याने आकडे वाचू लागले. आडवी असताना एकशेसोळा. उभी राहिल्यावर पहिल्या मिनिटाला एकशेदोन. तिसऱ्याला अठ्ठ्याऐंशी. पाचव्या मिनिटाला डॉक्टर आकडा वाचायचे सोडून माझी काच पुसू लागले.

"चौऱ्याहत्तर," सिस्टर म्हणाल्या. "आडवं करा तिला."

काका पुढे झाले. पण मुकादम त्यांच्याआधी पोहोचला. त्याने त्यांना कोपराने ढकलले, एका हाताने तिचा अंबाडा धरला, दुसरा तिच्या काखेत घातला आणि तिला उभी धरली.

"नाटक आहे, साहेब. मी रोज अशीच उभी करतो. बघा, राहते की नाही."

मित्रांनो, कोसळणे हा अशा शरीराचा शेवटचा उपाय असतो. कोसळले की डोके पायांच्या पातळीला येते आणि रक्त परतते. तो उपायही जो काढून घेतो, तो त्या माणसाचा मेंदू उपाशी मारतो. तिचे डोळे वर फिरले. मग हातपाय ताठ झाले आणि झटके देऊ लागले. माझा पट्टा तिच्या दंडावरच होता. आतली नाडी बारीक होत गेली आणि मग मला लागेनाशी झाली.

"सोड तिला," काका म्हणाले. मुकादमाने सोडले नाही. काकांनी माझी पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या मनगटावर हाणली. पहिल्या घावाला हाड मोडले, दुसऱ्याला माझी काच. मुकादम किंचाळत खाली बसला. मावशीने इस्त्रीवालीला फरशीवर निजवले आणि तिचे पाय साहेबांच्या खुर्चीवर ठेवले. साठ मोजेपर्यंत तिच्या ओठांना रंग आला.

माझा पारा फरशीभर विखुरला. सिस्टरने खिडक्या उघडल्या, कोणाला हात लावू दिला नाही आणि कागदाने थेंब गोळा करून बाटलीत बंद केले. पारा सुंदर दिसतो आणि तो विष आहे. तुम्हीही त्याला कधी शिवू नका.

डॉक्टर खुर्चीवर बसले आणि अहवाल लिहू लागले. लिहिता लिहिता वाचतही होते: "उपकरण जुने व सदोष असल्यामुळे आकडे विश्वसनीय नाहीत."

"डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या, "याच उपकरणावरून तुम्ही सदतीस जणांना ढोंगी ठरवलंत. ती नोंदवही माझ्याकडे आहे. उपकरण सदोष असेल तर ते सदतीस दाखले खोटे. नसेल तर आजचा आकडा खरा. काय लिहायचं ते तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी लेखणीला टोपण लावले. साहेबांना दया आली नाही. त्यांना सदतीस जणांचे भरपाईचे अर्ज येताना दिसले. त्यांनी अहवाल स्वतःकडे ओढला आणि खाली लिहिले की कामगार स्त्रीला बसून काम करू द्यावे.

काकांना पोलीस घेऊन गेले. चौकीत त्यांना जबाबासाठी उभे ठेवले गेले आणि तिथे ते तोंडावर पडले. पुढचे दोन दात गेले. खटला अजून चालू आहे. इस्त्रीवाली आता यंत्रासमोर उंच खुर्चीवर बसून चादरी सरकवते. पहिला पूर्ण पगार हाती आल्यावर ती भावाचे घर सोडून मावशीच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेली.

माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. मी फुटलो ते योग्यच झाले. पण तुमच्या वर्गात, घरात, रांगेत कोणी म्हणाले की मला उभे राहवत नाही, तर त्याला आडवे होऊ द्या, पाय उंच ठेवा, आणि 'नाटक' हा शब्द ओठांवर आला तर गिळून टाका. पडलेल्याला धरून उभे करणे हे सगळ्यांत सभ्य दिसणारे क्रौर्य आहे.

माझ्या चेपलेल्या पेटीत सिस्टर आता नवे यंत्र आणि ती नोंदवही ठेवतात. सुट्टीच्या दिवशी त्या आणि इस्त्रीवाली वहीतल्या सदतीस पत्त्यांवर एकेक करून जातात. नवव्या दारात एक म्हातारा हमाल भेटला. नऊ वर्षांपूर्वी त्याला ढोंगी म्हणून काढले होते. त्याला आधी निजवून मोजले, मग उभे करून मोजले; सिस्टरने आकडा सांगितला आणि त्याचा अर्थही. तो खाटेवर बसला. त्याची बायको दारात उभी होती; नऊ वर्षे तीही त्याला ढोंगीच म्हणत आली होती.

त्याने रागावून नव्हे, खरोखरच माहीत नसल्यासारखे विचारले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो?"

"नव्हतात," इस्त्रीवाली म्हणाली.

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिले. तिने पदर तोंडाशी धरला होता आणि ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसत होती.