दुरुस्ती चालू आहे

डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला एकदमच फैलावर घेतलं. मीठ कमी, तळण बंद, रोज भरभर चालणं, आणि लिफ्ट दिसली की तोंड फिरवून जिना गाठायचा. नाहीतर हृदय दगा देईल, असं स्पष्ट सांगितलं. लिफ्टमिस्त्रीनं सगळं कान देऊन ऐकलं, पण बायकोसाठी. आपली तब्येत ठणठणीत, याची त्याला खात्रीच होती. तिच्या काळजीनं मात्र त्याची झोप उडाली.

बायको ऐकेल तर शपथ! दिवसभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून यायची आणि थेट लिफ्टमध्ये शिरायची. वर म्हणायची, "मिस्त्रीचीच बायको जिने चढायला लागली, तर तुमची अब्रू ती काय राहील?"

शेवटी गड्यानं मनाचा हिय्या केला. हात लावलेली लिफ्ट कधी अडली नाही असा हा कारागीर, आणि घरचीच लिफ्ट बंद पाडायला निघाला. ती यायच्या सुमारास लिफ्टनं वर जायचं, आत कोणी नाही हे बघायचं, गच्चीवरच्या मशीनरूममधला खटका ओढायचा आणि जिन्यानं चौथ्या मजल्यावर घरी येऊन साळसूदपणे पेपर उघडायचा.

बायको धापा टाकत दारात उभी. "अहो, जगाच्या लिफ्ट दुरुस्त करता आणि घरची मेली रोज बंद! उठा आधी, बघा काय झालंय."

मग हा पुन्हा गच्चीवर. खटका चढवून खाली येतो न येतो तोच ती म्हणायची, "अजून करकर ऐकू येतेय. जाऊन या बरं परत." करकरणाऱ्या लिफ्टनं कोणता मिस्त्री वर जाईल? निघाला बिचारा जिन्यानं. शेजारीपाजारी टोमणे मारत होते, अब्रूचा पार चुराडा झाला होता. पण बायकोची धाप दिवसेंदिवस कमी होत चालली होती आणि हा मनातल्या मनात नाचत होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खूश. "बाईंचं छान आहे. पण मिस्त्री, खरी कमाल तुमची! मागच्या वेळी तुमचीच जास्त काळजी वाटली होती मला."

"माझी?" मिस्त्रीनं आ वासला.

बायकोला हसू आवरेना. घरी पोचेपर्यंत ती हसतच होती. तळमजल्यावर लिफ्टशेजारी खुंटीला त्याची पाटी लटकत होती, 'दुरुस्ती चालू आहे' लिहिलेली. तिनं ती काढून त्याच्यापुढे नाचवली.

"पहिल्याच दिवशी मी जरा लवकर आले होते. दारावर ही पाटी, आणि लिफ्ट आपली मजेत वर चाललेली! बिघडायच्या आधी पाटी लावणारा मिस्त्री जगात एकच आहे हो."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. कामाला हात घालण्याआधी पाटी लावायची, ही त्याची जन्माची सवय. चोरी करतानाही सुटली नव्हती.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही गच्चीपर्यंत चढला असता? डॉक्टरीणबाई तुमच्याबद्दल बोलत होत्या, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होता. माझा जीव टांगणीला लागला होता." एवढं बोलताना तिचा आवाज ओला झाला. त्यालाही भडभडून आलं, आणि दुसऱ्याच क्षणी दोघंही पोट धरून हसायला लागली.

लिफ्ट खाली येऊन उघडी उभी होती. बायकोनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटी त्याच्याच गळ्यात घातली, हात धरला आणि त्याला जिन्याकडे ओढत म्हणाली, "चला, अजून बरंच काम बाकी आहे."