कोरी जागा

घरात इंजिनिअर एकच, तो म्हणजे दादा. धाकटीने मानसशास्त्र घेतलं तेव्हा काकांनी तिची भरपूर खेचली होती. "आता आमच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखून दाखव बघू!" दादाच तेवढा तिच्या बाजूने बोलला होता. "शिकू दे तिला हवं ते. मी आहे ना."

पुढे धाकटी माल साठवून घरोघर पोचवणाऱ्या एका कंपनीत नोकरभरतीच्या कामाला लागली आणि तिथे स्थिरावली. दादा कामाला होता तो कारखाना मात्र बंद पडला. चाळिशी उलटलेल्या इंजिनिअरला कुणी दारात उभं करेना. नव्या पोरांच्या हाताखाली काम करायचीही त्याची तयारी होती, पण तसं बोलावणंही आलं नाही. दाढी वाढली, बोलणं आटलं. वहिनी एकटी किती रेटणार?

कंपनीच्या गोदामात माल तपासायला माणूस हवा होता. धाकटीच्या साहेबांचं एक ठाम मत होतं, शिकलेला माणूस टिकत नाही. पदवी दिसली की अर्ज बाजूला. ते अर्ज आजवर धाकटीनेच बाजूला काढले होते.

ती दादाकडे गेली. आईला ऐकू जाऊ नये म्हणून गॅलरीत उभी राहून बोलली.

"दादा, डिग्री लिहू नकोस. बारावी पास एवढंच लिही."

"आणि कॉलेजची वर्षं? कारखान्यातली?"

"घरचा धंदा बघत होतो म्हण."

त्याने गॅलरीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "कसला धंदा ते तूच ठरव. विचारलं तर दोघांचं उत्तर एकच यायला हवं."

दादाला काम मिळालं. खाकी शर्ट घालून तो खोकी तपासायचा, शिक्के मारायचा. धाकटी समोर आली की सगळ्यांसारखं "नमस्ते मॅडम" म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिला कसनुसं झालं. त्याला काहीच झालेलं दिसलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

एकदा ऐन घाईच्या दिवसांत माल पुढे सरकवणारा लांबलचक पट्टा अचानक थांबला. खोक्यांचा ढीग लागला, साहेब आरडाओरडा करत खाली आले. मेकॅनिक बाहेरून यायचा होता. धाकटी काचेआडून बघत होती. दादा पट्ट्याजवळ वाकला, एका टोकाला कान लावला, हात पुढे केला. तेवढ्यात साहेब ओरडले, "ए, हात लावू नकोस! तुझं काम आहे का ते?"

"नाही साहेब," म्हणत दादा मागे सरकला आणि बाकीच्यांबरोबर भिंतीला टेकून उभा राहिला. मेकॅनिक येईपर्यंत तसाच उभा होता.

संध्याकाळी बस स्टॉपवर तिने विचारलंच. "काय बिघडलंय ते तुला कळलं होतं ना?"

"बारावी पास माणसाला काय कळणार?" तो रस्त्याकडे बघत म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना खरं काय ते सांगायचं ठरवून ती त्यांच्या केबिनपर्यंत गेली. पण खरं सांगितलं तर दादाची नोकरी जाणार होती, कदाचित तिचीही. "काय हवं होतं?" साहेबांनी विचारलं. तिने पुढच्या आठवड्याची रजा मागितली.

रजेत ती दादाकडे गेली. भाचीचा बारावीचा निकाल लागला होता, गुण चांगले होते. ती आत्याला बिलगून बसली. "आत्या, तू तर रोज माणसं निवडतेस. कशाला गेलं की नोकरी मिळते गं?"

वहिनी हातातलं काम सोडून ऐकायला थांबली. धाकटीने दादाकडे पाहिलं. तो बुटाला पॉलिश करत होता, त्याने मान वर केली नाही.

"तुला काय आवडतं?" धाकटीने विचारलं.

"बाबांसारखं. मशीन्स."

दादाचा ब्रश थांबला. तो उठला, बूट तसाच ठेवला आणि खाली निघून गेला.

"बाबा चिडले का?" भाचीने विचारलं.

धाकटी नुसतीच तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.